जुनी मालवाघीण वाचायची कशी? नवा नाद लागलेल्यांसाठी

इंटरनेटवर ‘वाघीण’ शोधलं की ताडोबा येतं. आपली वाघीण ती नव्हे. ‘वॅगन’ मराठी जिभेवर येऊन वाघीण झाली आणि मालधक्क्यावरचे हमाल, व्यापारी, गुड्स क्लार्क सगळे तिला तेच म्हणत राहिले. ‘दोन वाघिणी सरकी गेली, एक कांद्याची यायचीय’ असं बोलणं चालायचं. माझे वडील खानदेशातल्या एका जंक्शनवर गुड्स ऑफिसात होते. त्यामुळे मला ही वाघीण आधी माहीत झाली, जंगलातली नंतर.

नाद लागल्यावर पहिली काही वर्षं मी चुकाच केल्या. एका यार्डाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या वाघिणीवर ‘६/८४’ असं रंगवलेलं होतं. मी फोटोखाली ‘१९८४ ची वाघीण’ असं लिहून मोकळा झालो. ओळखीचे एक निवृत्त टीएक्सआर, म्हणजे मालगाडी तपासणारे ट्रेन एक्झामिनर, फोटो बघून हसले. “अरे बाबा, ही तिची जन्मतारीख नाही, दवाखान्यात जायची तारीख आहे.” मोठ्या दुरुस्तीला, पीओएचला, वाघीण कधी परत आली पाहिजे त्याचा तो महिना आणि वर्ष. वाघीण तेव्हाच वीस वर्षांची होऊन गेलेली होती.

मग या टीएक्सआर काकांनी बघायचा क्रम लावून दिला : आधी खालचं लोखंड, मग पेटी, रंगवलेलं सगळ्यांत शेवटी. रंग प्रत्येक दुरुस्तीत नव्याने चढतो, रंगारी कधी अक्षर गाळतो, कधी जुन्यावरच नवं काढतो. चाकं आणि कपलिंग (दोन वाघिणी एकमेकींना जोडणारा भाग) बदलायला मात्र पैसे लागतात, ते उगाच कोणी करत नाही. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत.

सोबत काय घ्याल :
- वही आणि पेन्सिल (पावसात आणि उन्हात पेन दगा देतं)
- छोटी दुर्बीण किंवा लांबचं दिसेल असा कॅमेरा
- मोजपट्टी, पण फक्त संग्रहालयात किंवा परवानगी असेल तिथे
- टॉर्च, कारण महत्त्वाचं सगळं वाघिणीच्या पोटाखाली अंधारात असतं
- ओळखपत्र, प्लॅटफॉर्म तिकीट, आणि यार्डात जायचं असेल तर लेखी परवानगीची प्रत

## १. आधी परवानगी

यार्ड म्हणजे मोकळं मैदान नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली विनापरवाना रुळांवर किंवा आवारात शिरणं हा गुन्हा आहे. नवख्यांनी सुरुवात प्लॅटफॉर्मवरून, रेल्वेपुलावरून किंवा फाटकाच्या बाहेरून करावी. दिल्लीच्या चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय इथे शांतपणे, हात लावण्याइतकं जवळून बघता येतं.

आणि एक गोष्ट दरडावून सांगतो : वाघिणीच्या शिडीवर पाय ठेवायचा नाही. वर २५,००० व्होल्टची तार असते. तिला हात लागायची गरज नसते, जवळ गेलं तरी वीज झेप घेते. टँकरवर चढून फोटो काढताना पोरं भाजल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. उभी मालगाडी खालून ओलांडायचीही नाही. ती कधी हलेल सांगता येत नाही, पलीकडे इंजिन लागलेलं तुम्हाला दिसत नाही.

## २. रूळ आणि चाकं

पहिला प्रश्न गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि नॅरोगेज ७६२ किंवा ६१०. महाराष्ट्रात हे सगळं एकेकाळी शेजारीशेजारी होतं. मनमाडला निजामाच्या मुलखातून येणारी मीटरगेज ब्रॉडगेजला भेटायची. कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरवाली छोटी गाडी यायची. १८९७ साली सुरू झालेल्या या बार्शी लाइनच्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने इंजिनापासून वाघिणीपर्यंत प्रत्येक ॲक्सलवर पाच टनच भार ठेवायचा असं ठरवलं होतं. हलक्या रुळांवरून जड माल न्यायची ती युक्ती. दोन गेज जिथे भेटायचे तिथे मात्र एका वाघिणीतलं पोतं न् पोतं हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत जायचं. वेळही जायचा, माल फुटायचा आणि चोरीही व्हायची.

गेज कळलं की चाकं मोजा. एका बाजूला दोन दिसली तर चारचाकी, चार दिसली तर आठचाकी म्हणजे बोगीवाली. इथे एक नेहमीचा घोटाळा होतो. आपण बोलताना अख्ख्या डब्याला ‘बोगी’ म्हणतो. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची, वळणावर फिरणारी गाडी. वाघिणीवर रंगवलेल्या प्रकाराच्या कोडात ‘बी’ हे अक्षर पुढे दिसतं ते बहुतेक याच अर्थाने.

आता स्प्रिंगा. चारचाकीच्या प्रत्येक ॲक्सलबॉक्सवर (आसाच्या टोकाची बेअरिंगची पेटी) ट्रकला असतात तशा पट्ट्यांच्या, पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. आठचाकीतही पाट्यांच्या स्प्रिंगा दिसल्या तर ती बहुतेक जुनी यूआयसी बोगी, म्हणजे व्हॅक्युम ब्रेकच्या काळातली उघडी ‘बॉक्स’ किंवा बंद ‘बीसीएक्स’ वाघीण. ओतीव पोलादाची भरभक्कम चौकट आणि मधोमध गुंडाळीच्या स्प्रिंगांचा घोस दिसला तर ती कॅसनब बोगी. ही नंतरची.

ॲक्सलबॉक्सला समोर उघडणारं झाकण असेल तर नीट बघा. आत रोलर बेअरिंग नसायचं. पितळी बेअरिंग आणि तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा असायचा. तेल संपलं की बॉक्स तापायचा, धूर निघायचा, वाघीण मधल्याच स्टेशनात तोडून ठेवावी लागायची. याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात, आणि रोलर बेअरिंग आली तरी हा शब्द गेला नाही.

## ३. दोन वाघिणींच्या मधली जागा

वाघिणीचा काळ ठरवायला याहून चांगली जागा नाही. दोन गोष्टी बघायच्या : कपलिंग आणि नळी.

दोन्ही कोपऱ्यांना बफर (धक्का सोसणारे दट्टे) आणि मधे आकडा-साखळीसारखं स्क्रू कपलिंग असेल तर ती जुनी रचना. पॉइंट्समन, म्हणजे वाघिणी जोडणारा-सोडणारा कामगार, दोन वाघिणींच्या मधे वाकून शिरायचा आणि हाताने स्क्रू आवळायचा. कित्येकांनी त्यात बोटं आणि कित्येकांनी जीव गमावले. मधे एकच, मुठीत मूठ अडकावी तसा कपलर आणि कोपऱ्यांना बफर नाहीत, तर सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर. दोन्ही एकत्र दिसले, म्हणजे मधे कपलर आणि बाजूला बफरही, तर गोंधळू नका. ती ट्रान्झिशन कपलरवाली वाघीण. ती जुन्यांशीही जोडता यावी आणि नव्यांशीही, म्हणून तसं केलेलं.

नळीचंही तसंच. जाड, वळ्यावळ्यांची, हत्तीच्या सोंडेसारखी नळी म्हणजे व्हॅक्युम ब्रेक. बारीक नळ्या आणि टोकाला धातूची पंजासारखी जोडणी म्हणजे एअर ब्रेक. व्हॅक्युमची अडचण ही की गाडी लांबली की शेपटाकडे जोर कमी पडायचा. एअर ब्रेकमध्ये पाच किलोचा दाब शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचतो, म्हणून लांब, जड गाड्या शक्य झाल्या. ब्रॉडगेजवर आज व्हॅक्युमची मालगाडी दिसणार नाही. दिसली तर ती संग्रहालयात किंवा भंगारात.

त्याआधीच्या काळात तर पुष्कळ वाघिणींना फक्त हातब्रेक असायचा. बोरघाट आणि थळघाट हे १ : ३७ उताराचे. अशी गाडी तिथून खाली आणताना गार्ड आणि ब्रेक्समन काय करत असतील याची कल्पना करा. सुटलेली गाडी चढावर घेऊन थांबवायला घाटात खास कॅच सायडिंग ठेवलेली असायची.

## ४. पेटी आणि दारं

पेटीवरून माल कळतो. बंद पेटी, बाजूला कपाटासारखी दोन पाखांची दारं : धान्य, साखर, खत, सिमेंट, कापूस. उघडी : कोळसा, खनिज, दगड. गोल टाकी : तेल. पोटाखाली उघडणारी नरसाळ्यासारखी : वीजकेंद्राचा कोळसा किंवा रुळांखालची खडी. नुसती फळी : रूळ, पोलाद, यंत्रं, पुढे कंटेनर.

खरी मजा त्याच्या पुढे आहे. कापूस हलका आणि फुगीर. वाघीण छतापर्यंत भरते, तरी वजन निम्मंही होत नाही. म्हणून तर जिनिंगच्या जोडीला प्रेस आल्या आणि कापूस दाबून गाठी बांधायला लागले. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर मँचेस्टरला वऱ्हाडाचा कापूस हवा झाला. १८६७ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावला खास फाटा गेला. हा सगळा माल मुंबईच्या बंदराकडे. कोळशाच्या इंजिनाची एक ठिणगी पुरायची, म्हणून कापूस उघड्यात भरला तर त्यावर ताडपत्री घट्ट बांधायची.

लोहखनिजाचं उलट. वजन आधी संपतं, जागा उरते. उंच उघड्या वाघिणीत आतल्या बाजूला निम्म्याच उंचीपर्यंत लाल-तपकिरी घासल्याच्या खुणा दिसल्या तर तिने खनिज वाहिलंय. कोळशाच्या काळ्या खुणा काठापर्यंत असतात. म्हणूनच पुढे खनिजासाठी बुटकी बीओवाय वाघीण काढली.

बंद वाघिणीच्या वरच्या बाजूच्या हवेच्या झडपा बघा, किती थोड्या असतात. ही पेटी पोत्यांसाठी होती, पण जत्रांच्या गर्दीत यात्रेकरूंनाही यात कोंबलं जायचं. नोव्हेंबर १९२१ मध्ये तिरूरहून कोईमतूरकडे बंद मालडब्यात कोंडून नेलेले साठहून अधिक कैदी गुदमरून मेले. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा तो डबा होता.

## ५. आता अक्षरं

एवढं बघून झालं की रंगवलेल्याकडे वळा. तोवर अर्धं उत्तर तुमच्या वहीत असेल.

सी म्हणजे बंद, के म्हणजे चारचाकी उघडी, टी पुढे असेल तर टाकी, बी पुढे असेल तर आठचाकी. मीटरगेजच्या कोडापुढे एम लागतो. सीआर ही चारचाकी बंद वाघीण, सीआरटी ही तिचीच ट्रान्झिशन कपलरवाली बहीण. बीसीएक्स ही आठचाकी बंद, व्हॅक्युमची. बीसीएन तशीच पण एअर ब्रेकची. बॉक्स आणि बॉक्सएन यांचंही तेच. बीटीपीएन पेट्रोलची टाकी. बीव्हीजी म्हणजे गार्डाचा डबा, ब्रेकव्हॅन; इथला बी मात्र ब्रेकचा. (गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण डबा गार्डाचाच राहिला.)

सापळा : शेवटचा ‘एन’ म्हणजे ‘नवीन’ असं मी स्वतः वर्षभर लोकांना सांगत होतो. तो न्युमॅटिकचा, म्हणजे एअर ब्रेकचा.

बॉक्स आणि बॉक्सएन शेजारी उभ्या असतील तर एक मोजमाप घ्या. बॉक्सची लांबी सुमारे १३.७ मीटर, बॉक्सएनची १०.७. नवी वाघीण आखूड कशी? कारण अडचण वाघिणीची नव्हती, स्टेशनातल्या लूप लाइनची, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुळाची होती. लूप ६८६ मीटरची. त्यात इंजिन आणि ब्रेकव्हॅनसकट गाडी मावली पाहिजे. मग वाघीण आखूड आणि उंच केली. ५८ बॉक्सएन म्हणजे सुमारे ६२१ मीटर. तेवढ्याच लांबीत जास्त कोळसा.

## ६. आकडे

तीन आकडे टिपा.

पहिला वजनांचा. ‘टेअर’ म्हणजे रिकामं वजन, ‘सीसी’ म्हणजे भरायची क्षमता. दोन्हींची बेरीज करून ॲक्सलच्या संख्येने भागा. बॉक्सएन : २२.४७ अधिक ५८.८१ म्हणजे ८१.२८ टन, भागिले ४, म्हणजे २०.३२. जुन्या चारचाकीचं उत्तर १६ च्या आसपास येतं. उत्तर भलतंच आलं तर आकडा चुकीचा वाचलाय किंवा चुकीचा रंगवलाय. फक्त हे लक्षात असू द्या की २००५ च्या सुमारास ठरावीक मार्गांवर सीसीपेक्षा आठ टनांपर्यंत जास्त भरायला मुभा मिळाली. तेव्हा रंगवलेली क्षमता आणि भरलेला माल जुळेलच असं नाही.

दुसरा वाघिणीचा नंबर. जुन्या वाघिणीवर मालक रेल्वेची अक्षरं आणि पुढे नंबर असतो. १९५१ च्या आधी जीआयपी, बीबी अँड सीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया). त्यानंतर मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे. २००० नंतर अकरा आकडी पद्धत आली. पहिले दोन आकडे प्रकार (१० ते २९ उघड्या, ३० ते ३९ बंद, ४० ते ४९ टाक्या), पुढचे दोन मालक रेल्वे (०१ मध्य, ०८ पश्चिम), मग दोन बांधणीचं वर्ष, चार अनुक्रमांक आणि शेवटचा तपासणीचा आकडा. चुकून वाचलेला नंबर तिथेच पकडता येतो. उदाहरणापुरता मी बनवलेला नंबर घ्या : ३० ०१ ८९ ४१२७. सम जागांवरचे आकडे ०, १, ९, १, ७, बेरीज १८, तिप्पट ५४. विषम जागांवरचे ३, ०, ८, ४, २, बेरीज १७. एकूण ७१. पुढचा दहाचा पाढा ८०, फरक ९. शेवटचा आकडा ९ असला पाहिजे. लांबून घेतलेल्या फोटोत ३ की ८ असा वाद असेल तर हे गणित लगेच निकाल लावतं.

तिसरी परतीची तारीख. तिच्याबद्दल वर रडून झालंय.

खरं जन्मवर्ष हवं तर चौकटीवरची बनवणाऱ्याची पाटी शोधा. बर्न, जेसप, ब्रेथवेट, टेक्समॅको अशी नावं मिळतील. फार जुनी असेल तर ब्रिटनमधल्या कारखान्याचं. भंगारवाले मात्र पहिला हात पाटीलाच घालतात.

## ७. वाघीण चालायची कशी

लोखंड कळलं तरी वापर कळल्याशिवाय वाघीण अर्धीच कळते. हे वडिलांच्या तोंडून ऐकलेलं.

व्यापारी स्टेशनात येऊन वाघिणीची मागणी, इंडेंट, नोंदवायचा. हंगामात वाघीण मिळायला दिवसच्या दिवस लागायचे, आणि नंबर वर सरकवायला कोण कोणाला चहा पाजतो हे सगळ्या मालधक्क्याला माहीत असायचं. वाघीण लागली की ठरलेल्या तासांत भरायची. दाराशी पेंढा किंवा गोणपाट लावायचं, नाहीतर फटीतून पाणी शिरून दाराजवळची पोती भिजायची. मग दार बंद, तारेला सील, आणि बाजूच्या लोखंडी क्लिपमध्ये कार्डाचं लेबल : कुठून, कुठे, काय माल. ही क्लिप जुन्या वाघिणीवर आजही सापडते. लेबल पडलं की वाघीण हरवली. नंबर घेऊन तार करत बसायचं.

व्यापाऱ्याच्या हातात रेल्वे पावती, आरआर. माल वाघिणीत, पण मालकी त्या कागदात. बँक त्यावर पैसे द्यायची, कागद हातोहात विकलाही जायचा. तिकडे वाघीण रमतगमत यार्डात. भुसावळसारख्या मोठ्या यार्डात प्रत्येक वाघीण सुटी करून दिशेनुसार पुन्हा जोडायची. चालण्यापेक्षा उभं राहण्यातच तिचं आयुष्य जास्त जायचं. ऐंशीच्या दशकापासून अख्खी गाडी एकाच मालाची, एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी, असा कारभार झाला आणि एका वाघिणीचा व्यापारी रस्त्यावरच्या ट्रककडे गेला.

जुने कागद हाताळणाऱ्यांसाठी : डेमरेज आणि वारफेज एक नव्हे. वाघीण वेळेत रिकामी केली नाही तर डेमरेज. माल उतरवून धक्क्यावरच ठेवला तर वारफेज. मी हे दोन्ही ‘दंड’ म्हणून एकत्र लिहायचो आणि बेरीज जुळायची नाही.

## ८. नोंद कशी लिहायची

जे दिसलं ते एका भागात, जे वाटलं ते दुसऱ्या भागात. वहीतली एक नोंद तशीच देतो. एका फाटकाजवळ रूळ सांभाळणाऱ्या गँगवाल्यांनी सामान ठेवायला वापरलेली ही पेटी, चाकांशिवाय जमिनीवर बसलेली.

‘बंद पेटी. चाकं, बफर, कपलिंग काही नाही. दार दोन पाखांचं, उजवं पाख गंजून बसलेलं. लेबलाची क्लिप शाबूत. पाटी नाही, चार रिव्हेटांची भोकं आहेत. आत फटींत सिमेंट घट्ट बसलेलं. रंगात फक्त ‘सी’ वाचता येतो, पुढचं उडालेलं. परतीची तारीख ३/७-, शेवटचा आकडा नाही.

वाटतं : ब्रॉडगेज चारचाकी, सीआर कुळातली. स्क्रू की ट्रान्झिशन ते कळत नाही. खालची चौकट गवतात आहे. दिवाळीनंतर गवत वाळलं की पुन्हा जायचं.’